उपकारक बुरशीची तितिक्षा

पावसाळ्यात लोणच्याच्या बरणीत शिरलेली पांढरी साय, किंवा कपाटातील पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर चढलेला हिरवट थर, एवढ्यावरूनच आपल्यापैकी बहुतेकांचा बुरशीशी परिचय झालेला असतो; आणि त्यामुळे तिच्याविषयी आपले मत फारसे अनुकूल नसते. तथापि ह्या जीवकोटीने मनुष्यावर केलेले उपकार थोडेथोडके नाहीत. पाव फुगविणारे यीस्ट आणि पेनिसिलीन देणारी निळसर बुरशी ह्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. पण ह्या कीर्तिमान बुरशा काचपात्रात किंवा लोखंडी टाकीत, मनुष्याने बेतून दिलेल्या उष्णतेत आणि आयत्या अन्नावर आपले काम करीत असतात. त्यांच्याहून निराळा असा एक दुसरा वर्ग आहे. तो उघड्या शेतात वावरतो, पिकांच्या शत्रुकीटकांस मारतो, मुळे कुजविणाऱ्या बुरशांवर तुटून पडतो. आणि हे सर्व करताना ऊन, वारा व कोरड ह्यांचा मारा त्याला उघड्या अंगाने सोसावा लागतो.

शीत आणि उष्ण सारख्याच निमूटपणे सोसण्याच्या गुणास आपल्याकडे तितिक्षा असे नाव आहे. शेतातील ह्या मित्र-बुरशीच्या गेल्या सुमारे दीडशे वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले असता असे दिसून येते की, तिच्या अंगी मारकपणा पहिल्यापासून होता. उणीव होती ती तितिक्षेची. ही उणीव मनुष्याच्या ध्यानात फार उशिरा आली. ती भरून काढण्याचे त्याने जे मार्ग शोधले त्यांतील शेवटचा मार्ग, म्हणजे बुरशीच्या आनुवंशिक द्रव्यातच फेरफार करण्याचा, आज आपणांस एका कठीण प्रश्नापाशी आणून उभा करीत आहे. त्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी मागील हकीकत सांगणे अवश्य आहे.

ह्या हकीकतीचा आरंभ उपकारापासून झालेला नाही, अपकारापासून झाला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर इटलीतील रेशीमउद्योगावर एक विलक्षण संकट आले होते. रेशमाचे किडे मरत आणि मेल्यावर त्यांच्या अंगावर चुना फासल्यासारखा पांढरा थर चढे. लोदी गावाजवळ राहणाऱ्या आगोस्तिनो बास्सी नावाच्या गृहस्थाने ह्या रोगाचा पिच्छा पुरविण्यात पुष्कळ वर्षे घालविली. त्याची दृष्टी अधू होत चालली होती, तरी त्याने उद्योग सोडला नाही. अखेर १८३५ साली त्याने प्रसिद्ध केले की, हा रोग एका सूक्ष्म बुरशीमुळे होतो आणि तिच्या बीजाणूंच्या द्वारे एका किड्यापासून दुसऱ्यास लागतो. सूक्ष्म जीवांमुळे प्राण्यांस रोग होऊ शकतात हा सिद्धान्त त्याने पाश्चरच्या आधी एक पिढी प्रयोगाने दाखवून दिला. पुढे ह्या बुरशीस त्याच्याच नावावरून ब्यूव्हेरिया बॅसियाना हे नाव मिळाले. ज्या बुरशीने रेशीमकऱ्यांस रडविले, तीच आज शेतकऱ्यांच्या मित्रांत गणली जाते, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा.

शत्रूला मित्र करून घ्यावे ही कल्पना प्रथम मोठ्या प्रमाणावर अमलात आणण्याचा मान रशियन जीवशास्त्रज्ञ एली मेच्निकॉफ ह्याच्याकडे जातो. रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंस गिळून टाकतात ह्या शोधाबद्दल त्यास १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, हे अनेकांस ठाऊक असेल. परंतु त्यापूर्वी सुमारे तीस वर्षे, १८७९ च्या सुमारास, तो ओडेसा येथे असताना त्या प्रांतातील गव्हाच्या पिकावर भुंगेऱ्यांची धाड पडली होती. आपल्याकडील उसाच्या मुळांस लागणारी हुमणी ज्या कुळातली, त्याच कुळातले हे भुंगेरे होत. त्यांच्या काही अळ्या हिरव्या भुकटीने माखून मेलेल्या मेच्निकॉफला आढळल्या. त्या भुकटीतून त्याने जी बुरशी वेगळी केली, तिलाच पुढे मेटारायझियम हे नाव पडले. बिअर करण्यासाठी शिजविलेल्या धान्याच्या लगद्यावर ती वाढविता येते असे त्याने दाखविले. १८८४ साली त्याचा अनुयायी क्रासिल्श्चिक ह्याने कीव्हजवळील स्मेला येथे ह्या बुरशीच्या बीजाणूंचा एक लहानसा कारखानाच उघडला, आणि चार महिन्यांत ५५ किलोग्रॅम बीजाणू तयार केले. साखरेच्या बीटास लागणाऱ्या सोंड्या भुंग्यांवर ते शेतात टाकले असता शेकडा ५५ ते ८० अळ्या मेल्या. सुरुवात अशी आशादायक झाली.

ह्या आशेची खरी परीक्षा अमेरिकेत झाली. कॅन्सस संस्थानात गहू आणि मका ह्यांचा रस शोषणाऱ्या एका ढेकणाने शेतकऱ्यांस सळो की पळो करून सोडले होते. तेथील विद्यापीठाचा प्रमुख फ्रान्सिस स्नो ह्याने १८८८ पासून बास्सीच्या बुरशीच्या एका नातलगाचा प्रसार करण्याची योजना हाती घेतली आणि १८९१ साली विधिमंडळाने तिला पैसा पुरविला. शेतकऱ्यांनी जिवंत ढेकूण पाठवावेत आणि विद्यापीठाने त्यांच्या बदल्यात बुरशी लागलेले ढेकूण टपालाने परत करावेत, अशी व्यवस्था होती. हजारो शेतकऱ्यांस ह्या पुड्या गेल्या. कित्येकांनी आपले पीक वाचल्याची कृतज्ञतेची पत्रे पाठविली; कित्येकांचे पीक हातचे गेले. कालांतराने ह्या प्रयोगांची बारकाईने छाननी होऊन १९११ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो विचार करावयास लावणारा होता. ही बुरशी त्या प्रांताच्या मातीत मुळातच सर्वत्र होती. हवा दमट झाली की ती आपोआप बळावे आणि ढेकूण मरत; हवा कोरडी राहिली की विद्यापीठाच्या पुडीतील बुरशीही निष्प्रभ ठरे. पुडी टाकल्याने किंवा न टाकल्याने फारसा फरक पडत नव्हता.

कॅन्ससच्या ह्या अनुभवाचा परिणाम असा झाला की, बुरशीवरील लोकांचा विश्वास उडाला. पुढे लवकरच रासायनिक कीटकनाशकांचे युग आले आणि बुरशीचे नाव मागे पडले. वस्तुतः ह्या अपयशातून योग्य तो धडा घेणे शक्य होते. बुरशीची शक्ती तिच्या मारकपणावर जितकी अवलंबून, तितकीच ती सभोवतालची परिस्थिती सोसण्याच्या तिच्या कुवतीवर अवलंबून आहे, हाच तो धडा होय. तो नीट उमगण्यासाठी ही बुरशी कीटकास कशी मारते हे थोडक्यात पाहू.

जीवाणू आणि विषाणू ह्यांना कीटकाच्या पोटात जावे लागते. बुरशीला तशी गरज नसते. तिचा बीजाणू कीटकाच्या अंगावर पडला की चिकटून बसतो, ओलावा मिळताच त्याला अंकुर फुटतो, अंकुराच्या टोकाशी एक लहानशी गादी तयार होते आणि तिच्या दाबाने व प्रथिने विरघळविणाऱ्या विकरांच्या साहाय्याने बुरशी कीटकाच्या कवचातून आत शिरते. आत गेल्यावर ती त्याच्या रक्तात वाढते आणि काही दिवसांत त्याचा अंत होतो. मग हवा दमट असेल तर ती मृत देह फोडून बाहेर येते आणि त्यावर लक्षावधी नवे बीजाणू धरतात. ह्या सर्व व्यापारात बीजाणू अंगावर पडल्यापासून आत शिरेपर्यंतचे जे तास जातात, तेच सर्वांत धोक्याचे. त्या वेळी तो उघड्यावर असतो. हवा कोरडी असेल तर त्याला अंकुर फुटत नाही. उष्णता फार वाढली तर त्याची प्रथिने बिघडतात. आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण तर त्याच्या आनुवंशिक द्रव्यावरच घाव घालतात. भर उन्हात पानावर पडलेले बीजाणू काही तासांत निकामी होऊ शकतात. प्रयोगशाळेत मारणारी बुरशी शेतात स्वतःच मरते, असा हा प्रकार आहे.

बुरशीचे आनुवंशिक गुण मनुष्याला बदलता येतात ही गोष्ट मधल्या काळात अन्य वाटेने सिद्ध झाली होती. १९२७ साली हर्मन मुलर ह्याने क्ष-किरणांच्या योगे फळमाशीत उत्परिवर्तने घडवून आणली. १९४१ साली बीडल आणि टेटम ह्यांनी न्यूरोस्पोरा नावाच्या पावावरील बुरशीस क्ष-किरण लावून तिची एकेक जीवनक्रिया बंद पाडली आणि जनुक व विकर ह्यांचा संबंध उघड केला. त्याच सुमारास दुसऱ्या महायुद्धामुळे पेनिसिलीनची मागणी बेसुमार वाढली. १९४३ साली अमेरिकेतील पिओरिया गावच्या बाजारातील एका नासक्या खरबुजावर पेनिसिलीन भरपूर देणारी बुरशी सापडली. तिच्या वंशजांवर कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे क्ष-किरणांचा आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात अतिनील किरणांचा मारा करून उत्तरोत्तर अधिक पेनिसिलीन देणारी कुळे निवडण्यात आली. ज्या किरणांनी शेतातील बुरशीचा घात होतो, त्याच किरणांनी टाकीतील बुरशीचे भाग्य उजळले. परंतु ध्यानात ठेवावयाचे ते हे की, ही सारी सुधारणा उत्पन्न वाढविण्यासाठी होती. घरात लाडाकोडात वाढविलेल्या मुलाप्रमाणे टाकीतील बुरशीच्या सोसण्याच्या शक्तीचा तेथे कोणी विचारच केला नाही, आणि तशी गरजही नव्हती.

ह्याच कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे १९४९ साली आणखी एक शोध लागला. त्याचे महत्त्व शेतीच्या दृष्टीने कळावयास पुढे साठ वर्षे लागली. आल्बर्ट केल्नर हा तेथे सूक्ष्म जीवांवर अतिनील किरणांचा मारा करीत असता त्याला असे आढळले की, किरणांनी मृतप्राय झालेले बीजाणू साध्या उजेडात ठेवले तर त्यांतील पुष्कळसे पुन्हा जगतात. त्याचे कारण मागाहून कळले. अतिनील किरणांमुळे आनुवंशिक द्रव्याच्या साखळीतील दोन शेजारचे दुवे एकमेकांस जखडले जातात. हे जखडलेले दुवे सोडविणारे एक विकर अनेक जीवांच्या अंगी असते, आणि ते आपल्या कामासाठी लागणारी शक्ती उजेडातूनच घेते. उन्हाने केलेल्या जखमेवर उजेडच औषध पुरवितो, ही निसर्गाची योजना कोणासही थक्क करील अशीच आहे.

शेतातील बुरशीस सहनशील करण्याचे पहिले पद्धतशीर प्रयत्न मात्र उन्हासाठी झाले नाहीत. ते विषासाठी झाले. १९३२ साली रिचर्ड वाइंडलिंग ह्याने ट्रायकोडर्मा ही मातीतील बुरशी इतर रोगकारक बुरशांस वेढून खाऊन टाकते असे दाखविले होते. पुढे शेतकरी बेनोमिलसारखी बुरशीनाशक औषधे वापरू लागले, तेव्हा अशी अडचण उभी राहिली की औषधाने शत्रूबरोबर मित्रही मरतो. १९८२ साली अमेरिकन कृषिखात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात पापाविझास आणि त्याचे सहकारी ह्यांनी ट्रायकोडर्मावर अतिनील किरण सोडून बेनोमिल सोसणारी नवी कुळे मिळविली. आणि आश्चर्य असे की, त्यांपैकी काही कुळे शत्रूशी झुंजण्यातही मूळ कुळापेक्षा सरस निघाली. त्याच दशकात कॉर्नेल विद्यापीठात गॅरी हार्मन आणि त्याचे सहकारी ह्यांनी दोन कुळांच्या पेशींची भित्तिका विकरांनी विरघळवून त्यांचा संयोग घडविला. एक कूळ कोलंबियातील मातीतून निघालेल्या बुरशीपासून तयार केलेले, मुळांवर वस्ती करण्यात पटाईत. दुसरे लोहाची टंचाई असताही जीवाणूंशी स्पर्धा करणारे. ह्या संयोगातून टी-२२ नावाचे जे कूळ मिळाले, ते पुढे अनेक देशांत शेतीसाठी विकले जाऊ लागले.

येथवर मनुष्याने चिवटपणा घडविण्याचा मार्ग धरला होता. पण त्याच सुमारास आफ्रिकेत एक निराळाच मार्ग यशस्वी झाला. तो म्हणजे चिवटपणा शोधून काढण्याचा. १९८६ ते १९८९ ह्या काळात वाळवंटी टोळांची प्रचंड धाड साहेल प्रदेशावर पडली. पूर्वी टोळांवर वापरले जाणारे डिल्ड्रिन हे विष घातक म्हणून वर्ज्य झाले होते, आणि त्याऐवजी दुसऱ्या रासायनिक औषधांची फवारणी अफाट प्रदेशावर करावी लागली. त्याचा खर्च आणि हानी पाहून १९८९ साली काही देशांच्या साहाय्याने ल्युबिलोसा नावाची संशोधनयोजना सुरू झाली. ती २००२ पर्यंत चालली. तिच्यातील शास्त्रज्ञांनी बुरशी कोठून घेतली? १९८८ साली नायजर देशात, त्या तप्त भूमीत मरून पडलेल्या एका नाकतोड्यापासून. जी बुरशी तेथील उष्णतेत जगून कीटक मारते, तिला उष्णता सोसण्यास शिकविण्याची गरजच नव्हती. ही मेटारायझियमची टोळ-नाकतोड्यांपुरतीच मारक अशी जात होय.

तिला जोड मिळाली ती तेलाची. पाण्यात कालविलेले बीजाणू उघड्यावर सुकून जातात. तेलात कालविलेले बीजाणू टोळाच्या तेलकट अंगावर चांगले चिकटतात आणि हवा कोरडी असतानाही त्यांस अंकुर फुटू शकतो. हेक्टरी केवळ ५० ग्रॅम बीजाणू तेलातून सूक्ष्म थेंबांच्या रूपाने फवारले की एक ते तीन आठवड्यांत टोळ मरतात, असे आढळून आले. कॅन्ससमध्ये ज्या कोरड्या हवेने घात केला, तिच्यावर जनुकास हात न लावता मिळविलेला हा विजय होता. २००९ साली टांझानियात तांबड्या टोळांवर आणि २०२० साली सोमालियात वाळवंटी टोळांवर ह्या बुरशीचा मोठ्या प्रमाणावर उपयोग करण्यात आला. २०२० च्या मे महिन्यात टोळांची हीच धाड राजस्थान व मध्य प्रदेश ओलांडून विदर्भात, अमरावती आणि नागपूर जिल्ह्यांत, येऊन ठेपली होती, हे वाचकांस स्मरत असेलच.

तथापि टोळही काही स्वस्थ बसून मरत नाही. बुरशी लागलेला टोळ मुद्दाम उन्हात बसून आपल्या शरीराची उष्णता ३८ ते ४० अंशांपर्यंत चढवितो. आपणांस जसा ताप येतो तसा तो स्वतःस ताप आणून बुरशीची वाढ रोखून धरतो. म्हणजे येथेही लढाई तितिक्षेचीच. ज्याला अधिक उष्णता सोसेल तो जिंकेल.

बीजाणूंच्या सहनशक्तीचा अभ्यास करणाऱ्यांस आणखी दोन गोष्टी आढळल्या. मेटारायझियमची विषुववृत्ताच्या जवळच्या प्रदेशांतून मिळालेली कुळे सामान्यतः अतिनील किरणांस अधिक दाद देत नाहीत, ही एक. दुसरी अधिक मनोवेधक आहे. समृद्ध अन्नावर वाढविलेल्या बुरशीपेक्षा अन्नाची चणचण असलेल्या माध्यमावर वाढविलेल्या त्याच बुरशीचे बीजाणू उष्णता व अतिनील किरण अधिक चांगले सोसतात. कष्टात वाढलेल्याचे अंग काटक होते हा आपला जुना अनुभव सूक्ष्म जीवांसही लागू पडावा, ही मौजेची गोष्ट आहे. मात्र अशा माध्यमावर बीजाणूंची संख्या कमी भरते. विपुलता हवी तर काटकपणा कमी, आणि काटकपणा हवा तर विपुलता कमी. निसर्ग दोन्ही गोष्टी एकदम पदरात टाकीत नाही.

आता आपण शेवटच्या मार्गाकडे, म्हणजे प्रत्यक्ष जनुक बदलण्याकडे, येऊ. येथेही मनुष्याने पहिला हात घातला तो मारकपणालाच. मेरीलँड येथील रेमंड सेंट लेजर ह्याने १९९६ साली सहकाऱ्यांसह मेटारायझियमचे कवच विरघळविणारे विकर अधिक प्रमाणात निर्माण होईल अशी व्यवस्था केली, तेव्हा सुरवंट मरण्यास लागणारा वेळ शेकडा २५ ने कमी झाला. २००७ साली त्याने व चंगशू वांग ह्याने उत्तर आफ्रिकेतील विंचवाच्या विषाचे जनुक त्याच बुरशीत बसविले. त्यामुळे पूर्वीपेक्षा कितीतरी कमी बीजाणूंत तेच काम होऊ लागले. बीजाणू शत्रूपर्यंत जिवंत पोचलाच नाही तर त्याच्या हातची तलवार कितीही धारदार असून काय उपयोग, हा प्रश्न मात्र शिल्लकच होता.

त्या प्रश्नाचे उत्तर हळूहळू मिळू लागले. २००८ साली स्पेनमधील सालामांका विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी ट्रायकोडर्मातील एका विशिष्ट जनुकाची क्रिया वाढविली. हे जनुक असे प्रथिन घडविते की, जे उष्णतेने विस्कटू लागलेल्या इतर प्रथिनांस सावरून धरते. ह्या बदलाने बुरशी उष्णताच नव्हे, तर इतर काही ताणही अधिक सोसू लागली. २०१२ साली फांग आणि सेंट लेजर ह्यांनी मेटारायझियम व ब्यूव्हेरिया ह्यांच्यावर जो प्रयोग केला, त्यात केल्नरच्या १९४९ मधील शोधाचा धागा पुन्हा हाती येतो. उन्हाची जखम भरून काढणारे विकर ह्या बुरशांच्या अंगी होतेच, पण ते दुबळे होते. म्हणून त्यांनी ते एका अशा सूक्ष्म जीवाकडून आणले की, ज्याचा जन्मच भर उन्हात तापणाऱ्या खाऱ्या पाण्यात होतो. मिठागरांतील पाणी मीठ धरण्याच्या सुमारास तांबूस होते, हे कोकणातील लोकांनी पाहिले असेल. त्या तांबड्या रंगास कारण होणाऱ्या जीवांपैकीच हा एक. त्याचे जनुक घेतलेल्या बीजाणूंची उन्हात टिकून राहण्याची शक्ती अनेक पटींनी वाढली, आणि त्यांचा मारकपणा उणावला नाही. ओडेसा येथे जी गोष्ट सुरू झाली होती, तिच्यातील उणीव १३३ वर्षांनंतर प्रयोगशाळेत तरी भरून निघाली.

मग आता अडते कोठे? अडते ते येथेच. आजपर्यंत शेतात सोडलेली बुरशी उन्हाने मरत होती, ही आपली अडचण होती खरी. पण तीच आपली सुरक्षितताही होती. जो जीव उघड्यावर फार काळ टिकत नाही, तो आपल्या हातून निसटून दूरवर पसरण्याची भीतीही थोडी. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पश्चिम आफ्रिकेतील एका प्रयोगावरून ही गोष्ट स्पष्ट होईल. बुर्किना फासो देशातील सुमुसो गावी, सुमारे ६०० चौरस मीटर क्षेत्राच्या जाळीबंद आवारात, हिवतापाच्या डासांवर मेटारायझियमचा प्रयोग झाला. ऑस्ट्रेलियातील एका कोळ्याच्या विषाचे जनुक तिच्यात बसविलेले होते, आणि ते बुरशी कीटकाच्या रक्तात पोचल्यावरच जागे व्हावे अशी योजना होती. बीजाणू तिळाच्या तेलात कालवून काळ्या कापडावर लावले होते. प्रत्येक कक्षात १,५०० डास सोडले. बुरशी नसलेल्या कक्षात दुसऱ्या पिढीअखेर १,३९६ डास होते. साध्या बुरशीच्या कक्षात ४५५. आणि जनुक बदललेल्या बुरशीच्या कक्षात अवघे १३. ह्या यशात बुरशीस उन्हाचा प्रतिकार करण्याची शक्ती दिलेली नव्हती. तिचे बीजाणू उन्हाने मरतात, म्हणून ती फार दूर जाणार नाही, हाच तिच्या निर्धोकपणाचा एक आधार होता.

मातीत मात्र ऊन पोचत नाही. २००२ साली मेरीलँडमधील कोबीच्या शेतात केलेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ओळख पटावी म्हणून हिरवे चमकणारे प्रथिन बसविलेले मेटारायझियम तेथे सोडले होते. मोकळ्या मातीतील त्याची संख्या काही महिन्यांत घटली, पण मुळांलगतच्या मातीत ती टिकून राहिली. कीटक मारणारी ही बुरशी मुळांची सोबतीही आहे, हे तेव्हा नव्याने कळले. जो जीव मातीत आधीच ठाण मांडून बसू शकतो, त्याला उन्हाचेही कवच चढविले तर त्याचा संचार कोठपर्यंत जाईल, हा प्रश्न भीती घालण्यासाठी विचारावयाचा नाही. परंतु तो विचारल्यावाचून पुढे जाणेही शहाणपणाचे नाही. मारकपणा वाढविलेली, पण नाजूक अशी बुरशी आपले काम करून मरून जाते; साधी, पण चिवट बुरशी आपल्या नेमलेल्या कीटकापुरती राहते. ह्या दोन्ही गुणांची एकाच जीवात गाठ घालणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट आहे. आपल्या देशात जनुक बदललेले सूक्ष्म जीव मोकळ्या शेतात सोडण्यापूर्वी १९८९ च्या नियमांनुसार सरकारी समितीची अनुमती लागते, ह्याचे मर्मही हेच होय.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यास हा विषय परका नाही. उसातील हुमणीसाठी मेटारायझियम शेणखतात मिसळून सरीत टाकणे, आले-हळदीच्या बेण्यास ट्रायकोडर्मा चोळणे, ह्या गोष्टी आता गावोगाव चालतात. मातीच्या आडोशाने ही बुरशी तेथे तगून राहते. तुरी-हरभऱ्यावरील घाटे अळीसाठी पानांवर फवारावयाची झाली म्हणजे मात्र ऊन आडवे येते. म्हणून ती सायंकाळी, हवेत ओलावा असताना फवारावी, असा सल्ला दिला जातो. मिठागरातील जनुकाने जे साधावयाचे, त्यातले थोडेसे तरी ह्या सायंकाळच्या फवाऱ्याने, एक पैसाही अधिक न वेचता, साधते. उलट, हीच पुडी वैशाखात पत्र्याच्या छपराखाली पडून राहिली तर तिच्यातील बीजाणू शेतात पोचण्यापूर्वीच दुबळे होतात. आणि शेतकरी म्हणतो की, बुरशी खोटी. एकदा हातचे पीक गेले म्हणजे त्याचा हंगाम परत येत नाही, आणि उडालेला विश्वासही लवकर परतत नाही. कॅन्ससच्या पुड्यांची आठवण ठेवावयाची ती ह्यासाठी.

ह्या सर्व इतिहासाकडे एकत्र पाहिले तर मित्र-बुरशीस तितिक्षा देण्याचे तीन मार्ग दिसतात. जेथे वापरावयाचे तेथल्याच मातीत, तेथल्याच उन्हात जगलेले कूळ शोधणे, हा पहिला. वाढविण्याच्या, साठविण्याच्या आणि फवारण्याच्या रीतीने तिला काटक करणे व सांभाळणे, हा दुसरा. तिची आनुवंशिक घडणच बदलणे, हा तिसरा. पहिल्या दोन मार्गांनी दिलेली तितिक्षा मूळ मर्यादेच्या आत राहते. रीत थांबविली की तीही ओसरते. तिसऱ्या मार्गाने दिलेली तितिक्षा पिढ्यान्‌पिढ्या उतरते, आणि ती परत मागण्याची सोय नाही. म्हणून तिसरा मार्ग वर्ज्य समजावा असे मुळीच नव्हे. जेथे टोळांनी किंवा हिवतापाने माणसांचे प्राण जात आहेत, तेथे त्याचा विचार करावाच लागेल. परंतु पहिल्या दोन मार्गांचे सर्व गुण अजमावून झाले आहेत, आणि चिवट केलेल्या जीवास आवरण्याची काही तजवीज आधी करून ठेविली आहे, ह्या दोन गोष्टी ज्याला दाखविता येतील त्यानेच त्या मार्गावर पाऊल टाकावे. उन्हाने आजवर आपल्या मित्राचा घात केला, हे खरे. पण आपला मित्र मोकाट सुटू नये म्हणून पहाराही त्यानेच केला. तो पहारा उठवावयाचा झाल्यास त्याच्या जागी कोण उभा राहणार, ते आधी ठरविले पाहिजे.